ब्लांदीनच्या बरणीतली वाळू

ब्लांदीन रोद्रीगला कापड कळायचं. चौथ्या रांगेत, म्हणजे गावाबाहेरच्या शेतघरांच्या चौथ्या रस्त्यावर, याबद्दल दुमत नव्हतं. आणि चौथ्या रांगेत दुमत नाही असं फारसं काही नसतं.

गावातल्या शिवणकारखान्यात तिने तरुणपणापासून पँटींचे खिसे शिवले होते. फक्त खिसे. बाकीची पँट दुसऱ्या बायका शिवत. त्यामुळे कुणी समोर आलं की ती आधी त्याच्या तोंडाकडे बघत नसे, खिशाकडे बघे. चर्चमध्ये नवे पाद्री आले तेव्हा साऱ्या गावाने त्यांचं प्रवचन ऐकलं. ब्लांदीनने त्यांच्या झग्याची कड बघितली. कड उसवली होती आणि तिला टाचणी लावली होती. "टाचणीवर भागवणारा माणूस," ती म्हणाली. "याचं मन इथे नाही." पुढच्या उन्हाळ्यात पाद्री बदली मागून गेले.

तिच्या घरामागे उतार होता. उतारावर मेपलची झाडं आणि मधोमध एक खोपट. खोपटात चूल, चुलीवर पसरट काहील. मार्चमध्ये रात्री गोठायचं, दिवसा वितळायचं, तसं झाडांना पाणी सुटायचं. खोडाला ठोकलेल्या नळीतून ते बादलीत टपकायचं. बादल्या वाहून आणायच्या. काहिलीत ओतायच्या. मग आटवायचं, आटवायचं आणि आटवायचं. बादलीभर पाण्याचा शेवटी कपभर पाक उरे.

हे सगळं आल्सीद करायचा. आल्सीद म्हणजे तिचा नवरा. ब्लांदीन खोपटात जायची ती फक्त जेवण घेऊन. वाटाण्याचं सूप, पाकात शिजवलेली अंडी, डुकराच्या तळून कुरकुरीत केलेल्या साली. आल्सीद जेवायचा आणि तिला परत पाठवायचा. पाकापाशी दोन डोकी जमली की एक उतू जातं, असं त्याचं म्हणणं. सारा संसार असाच झाला.

मग एका शरदात आल्सीद गेला. झाडाखाली नाही, चुलीपुढे नाही. न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धे केस कापून झालेले असताना. न्हाव्याने उरलेले अर्धे तसेच कापले आणि पैसे घेतले नाहीत. गावाने यावर आठवडाभर न्हाव्याचं कौतुक केलं. ब्लांदीनलाही तेव्हा हसू आलं होतं. ते हसू बराच वेळ थांबलं नव्हतं.

वसंत आला. तिने खोपटाचं कुलूप काढलं आणि चूल पेटवली.

"वहिनी, हे काय?" रोझेरने विचारलं.

रोझेर आल्सीदचा धाकटा भाऊ. टेकडीपलीकडे त्याची हजारो झाडं होती. झाडापासून झाडापर्यंत निळ्या पाइपा. पाणी आपोआप यंत्रात जाई आणि पाक आपोआप पिंपात. रोझेरला बादली उचललेली आठवत नव्हती. रागावला की तिथल्या रीतीने शिवी म्हणून तो चर्चमधल्या भांड्यांची नावं घेई. आधी पेला, मग पेटी, आणि फारच झालं तर तीर्थाचं कुंड.

"चूल आहे," ब्लांदीन म्हणाली. "पेटलीय."

"ते दिसतंय. पण तुला कुठे येतंय हे?"

"शिवण मला आईने शिकवली नाही. कारखान्यात पहिल्या दिवशी बसवलं आणि म्हणाले, शिव."

"तिथे बोटाला सुई टोचते. इथे काहील जळते."

काहील जळली नाही. तो पाक चवीला चांगला झाला. रोझेरनेही चमचा चाटला आणि चाटून झाल्यावर तोंड वाकडं केलं. पण पाक गढूळ होता. बरणीच्या बुडाशी करड्या रंगाचा थर बसला होता.

याला तिथे वाळू म्हणतात. ती मातीतली नसते. पाणी आटत जातं तसे झाडाच्या अंगातले क्षार बाहेर पडतात, बारीक कणकण होऊन. पाक गरमागरम असताना जाड गाळणीतून गाळला की वाळू मागे राहते. नाही राहिली तर दाताखाली किरकिर होते. विषबिष काही नाही. फक्त अब्रू जाते.

कारण हंगाम संपला की पहिल्या रविवारी चर्चच्या सभागृहात खिडकीच्या कट्ट्यावर बरण्या मांडतात. प्रत्येक घराची एक, नावाची चिठ्ठी खोलीकडे करून. मागून ऊन येतं. ज्याचा पाक नितळ, त्याच्या बरणीतून फरशीवर सोनेरी ठिपका पडतो. ज्याचा गढूळ, त्याची बरणी कुणीतरी गुपचूप फिरवतं. नाव बाहेर, रस्त्याकडे. कोण फिरवतं ते कुणी बघत नाही. त्या दिवशी कुणी बोलतही नाही. सोमवारपासून बोलतात.

त्या वर्षी ब्लांदीनची बरणी फिरली.

घरी येऊन तिने खोपटातल्या खुंटीवरून गाळणी काढून आणली. आल्सीदची जुनी गाळणी, जाड लोकरीच्या नमद्याची, उलट्या टोपीसारखी. सगळे तिला टोपीच म्हणत. ब्लांदीनने ती खिडकीशी धरली. टोकाला विरली होती, टाचेशी विरलेल्या मोज्यासारखी. वर कसरीने दोन ठिकाणी जेवण केलं होतं.

"कापड गेलं," ती म्हणाली. निकाल लागला. टोपी शेगडीत गेली.

पुढच्या वर्षी तिने नवी टोपी आणली. नव्या लोकरीला मेंढीचा वास येतो, म्हणून ती आधी साध्या पाण्यात उकळायची असते. हे दुकानदाराने सांगितलं होतं. पण त्या दिवशी ब्लांदीनच्या पायात गोळे आले होते आणि मदतीला लेदा आली होती. लेदा शेजारीण. शाळेपासूनची मैत्रीण. लेदाला साध्या पाण्यात धुणं म्हणजे धुणंच वाटत नसे.

तिने टोपी धुण्याच्या यंत्रात टाकली. वर कपडे मऊ करायचं औषध ओतलं. लव्हेंडरचं.

"कशी मऊ झाली बघ," लेदा म्हणाली.

पाक उशीच्या अभ्र्यासारखा लागत होता. लेदाच्या नवऱ्याने चमचा तोंडात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"खायचा आहे," त्याने शेवटी विचारलं, "की यावर झोपायचंय?"

आणि शिवाय तो गढूळही होता. त्या रविवारी बरणी फिरली, ती फिरवण्याआधी कुणीतरी हुंगलीही.

तिसऱ्या वसंताच्या तोंडाशी रोझेर स्वयंपाकघरात येऊन बसला. कोट काढला नाही. म्हणजे काहीतरी ठरवून आला होता.

"वहिनी, खरं सांगू?"

"नको."

"तुझे गुडघे गेलेत. बादल्या वाहतेस आणि वर्षाकाठी काय, तर रविवारी सगळ्यांसमोर तोंड लपवतेस. माझ्या पाइपा लावू दे तुझ्या उताराला. पाणी माझ्या यंत्रात येईल. तुला घरबसल्या पाकाचे डबे पोचवीन."

"आणि माझी चूल?"

"चुलीवर सूप कर."

ब्लांदीनने त्याच्या कोटाचा खिसा बघितला. अस्तर फाटलेलं. पाइपांना पैसे होते, खिशाला नव्हते.

"या वर्षी बरणी फिरली तर लाव पाइपा," ती म्हणाली.

रोझेर ताठ झाला. "आणि नाही फिरली तर?"

"तर पुन्हा नाव काढायचं नाही. मरेपर्यंत."

"कुणाच्या?"

"जो मागे राहील त्याच्या."

त्यांनी हातावर हात मारला. रोझेर गेला. ब्लांदीनने पैजेचा हात पदराला, म्हणजे अॅप्रनला, पुसला.

तिला पाकाची अशी काही आवड नव्हती. गोड तिला सोसतही नसे. पण आयुष्यभर तिने खिसे शिवले होते. हजारो पुरुष तिच्या खिशात हात घालून हिंडत होते आणि एकाही पँटीला ती माझी म्हणू शकत नव्हती. पाकाचं तसं नव्हतं. झाडापासून बरणीपर्यंत सगळं तीच. ही तिची पहिली सबंध पँट होती. ती रोझेरच्या पिंपात ओतायची?

ती तिबोच्या दुकानात गेली. तिबो खालच्या गावात पाकाचं सामान विकायचा. उंच, बारीक, बोलताना गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून बघणारा.

"गाळणी हवी," ब्लांदीन म्हणाली.

"झाडं किती, मादाम?"

"माझ्याकडून होतील तेवढी."

तिबोने चार गाळण्या काढून ठेवल्या. पहिली लोकरीची टोपी. ब्लांदीनने ती लांबूनच ओळखली आणि ओळख दाखवली नाही. दुसरीही टोपी, पण कृत्रिम धाग्याची, आत पातळ अस्तरं असलेली. तिसरी चपटी. पत्र्याच्या पेटीवर कापड ताणलेलं आणि खालून पंप हवा ओढून घेणारा. चौथी प्रेस. लोखंडी चौकटी, चौकटींमध्ये कागद, बाजूला हातपंप. पाकात पांढरी भुकटी मिसळायची आणि पंपाने कागदांतून रेटायचा.

"चौथी म्हणजे राणी," तिबो म्हणाला. "हिच्यातून निघालेला पाक काचेसारखा."

ब्लांदीनने दुसरी टोपी उचलली. अस्तर दोन बोटांत चोळलं. ताणलं. कानाशी नेऊन झटकलं.

"मादाम, ती वाजत नाही."

"सगळं कापड वाजतं. तुम्ही ऐकत नाही. ही अस्तरं कशाला?"

"एक वाळूने भरलं की ओढून काढायचं. खालचं लगेच काम सुरू करतं. पाक थांबत नाही."

"म्हणजे आत पाच परकर."

तिबो पहिल्यांदाच डोक्यावरून न बघता तिच्याकडे बघू लागला. "असंही म्हणता येईल."

"पिळायची?"

"कधीच नाही! पिळली की धागा मोडतो. साबण नाही, पिळणं नाही. गरम पाणी आणि वाळवण."

"आणि लव्हेंडर?"

"काय?"

"काही नाही. बांधा."

पहिलं मोठं पाणी सुटलं. ब्लांदीनने दिवसभर आटवलं. पाक कालथ्यावरून थेंबाथेंबाने न पडता पडद्यासारखा पडू लागला, तेव्हा काहील उतरवली आणि उकळता पाक टोपीत ओतला. पहिलं अस्तर भरलं, ओढलं. दुसरं भरलं, ओढलं. खालच्या पातेल्यात पाक उतरला तो असा, की तळाशी पडलेला ओरखडाही दिसावा.

"अगं बाई," लेदा म्हणाली. "यात मला माझं तोंड दिसतंय."

"मग गढूळ कसा म्हणायचा," ब्लांदीन म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

दोघींनी पातेलं घरी नेलं. बरण्या भरल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बरणीत ढग होता. त्यानंतरच्या दिवशी ढग खाली बसला आणि त्याची वाळू झाली.

ब्लांदीनने टोपी खिडकीशी धरली. भोक नाही. वीण घट्ट. तिने टोपीचा काठ दातांत धरून ओढला. काही नाही. तरी तिने मान हलवली.

"कृत्रिम आहे. वरवर गाळतं. सरळ धागा नाही याचा."

तिला कापड कळत होतं. म्हणून दोष कापडातच असणार होता. सुताराला घर पडलं की खिळा दिसतो, तसं.

ती टोपी घेऊन पुन्हा दुकानात गेली. तिबो म्हणाला, "मादाम, गाळणी उत्तम आहे. तुम्ही गाळून झाल्यावर काय करता?"

"बरण्या भरते. आणखी काय करणार, नाचणार?"

याउपर ती काही बोलली नाही. लपवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतंच. वैद्याने काय काय करता असं विचारलं तर माणूस श्वास घेतो हे कुठे सांगतो?

तिबोने प्रेस वापरून बघायला दिली. "पण पातेलं पूर्ण भरलेलं हवं," त्याने बजावलं. "चौकटी भरल्याच नाहीत तर राणी रुसते."

ब्लांदीनने अर्ध्या पातेल्यावर काम सुरू केलं. बिघडलाच तर थोडाच बिघडेल, असा हिशेब. भुकटीही तिने हात राखून घातली. पीठ समजून. लेदा नळी धरून बसली. ब्लांदीन पंप मारू लागली. पंप जड झाला. तिने जोर लावला. आणखी जड झाला. तिने गुडघा टेकवून जोर लावला.

फाट्‌ असा आवाज आला. कागद फुटला आणि चौकटीच्या फटीतून पाकाची पिचकारी उडाली. ती भिंतीवर गेली, आल्सीदच्या जुन्या टोपीच्या खुंटीवर गेली, आणि उरलेली लेदाच्या केसांवर. लेदाने त्याच आठवड्यात केस कुरळे करून घेतले होते. पाक पोहोचेपर्यंत कोमट झाला होता, हे नशीब.

लेदा हलली नाही. नळी तशीच धरून म्हणाली, "निदान गाळलेला आहे का?"

दोघी खोपटाच्या जमिनीवर बसून हसल्या. एवढ्या हसल्या की लेदाचा नवरा टेकाडावरून ओरडला, काय झालं म्हणून. त्याला सांगितलं नाही. त्याने संध्याकाळी कुरळ्यांना हात लावला तेव्हा त्याला कळलं.

पुढच्या खेपेला पातेलं पूर्ण भरलं होतं. भुकटी पुरेशी होती. राणी रुसली नाही. पाक असा उतरला की काचेने लाजावं. ब्लांदीनने तो घरी नेला, बरण्यांत भरला, झाकणं लावली, फडकं पांघरलं. सकाळी फडकं काढलं.

ढग.

ती खुर्चीवर बसली. कागद तर कापडच नव्हता. कागदाला दोष देण्याइतकी ती कागद ओळखत नव्हती. पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की दोष गाळणीत नसावा. मग कुठे? मग उरली ती एकटीच.

"आल्सीद रुसलाय," लेदा म्हणाली. "त्याच्या खोपटात घुसलीस म्हणून."

"आल्सीद रुसला की जेवत नसे. बरण्यांत उतरून पाक ढवळायचा म्हणजे कष्ट. ते त्याने केले नसते."

पण तिचा आवाज हसला नाही. लेदाने ते ऐकलं आणि कॉफी ओतली.

झाडांच्या फांद्यांना लालसर कळ्या दिसू लागल्या. कळ्या फुगल्या की पाण्याची चव बिघडते आणि हंगाम संपतो. आणखी एक पातेलं निघालं असतं. एकच. ब्लांदीनने प्रेस तिबोला परत केली. "राणीला मोठं घर लागतं," ती म्हणाली. "माझं खोपट आहे." ती पुन्हा अस्तरवाल्या टोपीवर आली. टोपी लहान होती, तिच्या पातेल्याएवढी. हातात घेतली की समजायची. हरायचंच असेल तर आपल्या मापाच्या गाळणीने हरावं, असं तिने ठरवलं.

शेवटच्या पातेल्याच्या दिवशी दुपारी रोझेर आला. गाडीच्या मागच्या भागात निळ्या पाइपांची भेंडोळी होती.

"उतार मोजायला आलो," तो म्हणाला. "सहज."

"सहज बस."

तो बाकावर बसला. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ब्लांदीन काहिलीपुढे उभी. वाफ छपरातून वर जात होती. पाक पडद्यासारखा पडू लागला. तिने काहील उतरवली आणि ओतायला घेतलं.

"अस्तर ओढायला उशीर करू नकोस," रोझेर म्हणाला.

"तू पाइप मोज."

पाक उतरला. लख्ख. रोझेर वाकून बघत राहिला. त्याने तोंडातल्या तोंडात पेल्याचं नाव घेतलं. चेहरा उतरला होता. तो मनातल्या मनात पाइपांची भेंडोळी गाडीतून परत घरी नेत होता, हे तिला दिसत होतं.

एरवी ब्लांदीन आता पातेलं घरच्या शेगडीवर नेत असे. पण रोझेरला गाळणीच्या टोपीपाशी एकटं सोडायचं तिच्या जिवावर आलं. तो तिच्या नवऱ्याचा भाऊ होता. पण पैज लावलेला भाऊ होता. म्हणून तिने पातेलं इथेच, खोपटातल्या चुलीवर ठेवलं. खाली एक मोठं लाकूड सारलं आणि बरण्या पुसायला घेतल्या.

रोझेरने त्या लाकडाकडे बघितलं.

पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे आले.

रोझेरने आपली टोपी डोक्यावर घातली. मग काढली. तो उठला, दाराशी गेला, बाहेर बघितलं, परत आला, बसला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. चुलीजवळ ब्लांदीन होती, तो नव्हता.

"बरा आहेस ना?" तिने विचारलं.

"बरा आहे."

"कॉफी देऊ?"

"नको."

पाक वर येऊ लागला. एक मोठा बुडबुडा फुटला. रोझेरने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. त्याचे ओठ हलत होते. पेला. पेटी. कुंड. मग एकदम तो उडी मारून उठला.

"अगं काढ ते! काढ खाली! वहिनी, काय करतेस तू? गाळलेला पाक कुणी उकळतं का?"

त्याने फडकं न घेताच पातेलं धरलं. बोटं भाजली. तीर्थाच्या कुंडाचं नाव आता मोठ्याने आलं. पातेलं दगडावर टेकलं.

ब्लांदीन बरणी हातात धरून उभी राहिली.

"बरणी भरायच्या आधी उकळी नको?"

"नको! गरम ठेवायचा. हात लागणार नाही इतका गरम. पण उकळी नाही. उकळी आली की वाळू पुन्हा जन्म घेते. गाळलंस ते गाळलंस, नवी तयार होते!"

"जॅमला उकळी देतात."

"हा जॅम आहे?"

"आईची एक बरणी फुटली होती. कच्ची भरली म्हणून. भिंतीवर स्ट्रॉबेऱ्या. तेव्हापासून आम्ही सगळ्या बहिणी..." ती थांबली. "आल्सीद उकळी द्यायचा नाही?"

"दादा टोपीखालीच बरणी धरायचा. तुला माहीत नाही?"

"मला कसं माहीत असणार? मी सूप देऊन परत जायचे."

रोझेर भाजलेली बोटं बर्फात घालून बसला. आता त्याला कळत होतं, आपण काय केलं. त्याचा चेहरा हळूहळू लांब होत गेला.

"गप्प बसला असतास तर जिंकला असतास," ब्लांदीन म्हणाली.

"हो."

"मग?"

"पाक चांगला होता," तो म्हणाला. बर्फाकडे बघत. "बघवलं नाही."

ब्लांदीनने पातेल्यात डोकावलं. कडेच्या बुडबुड्यांपाशी धूसर झाला होता, पण पुरता उकळला नव्हता. तिने नवी कोरी अस्तरं गरम पाण्यातून काढून टोपीत बसवली. पाक पुन्हा टोपीत ओतला. या वेळी टोपीखाली बरणी धरली. रोझेरने भाजलेल्या हाताने झाकणं दिली. पाकापाशी दोन डोकी होती आणि उतू काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ढग नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हता. रविवारी तिची बरणी कट्ट्यावर जशी ठेवली तशी राहिली. लेदा तिच्यासमोर पहारेकऱ्यासारखी उभी होती, ऊन अडवून, त्यामुळे सोनेरी ठिपका पडला तो लेदाच्या पाठीवर. सोमवारी गाव म्हणालं की ब्लांदीनने रोझेरच्या यंत्रातला पाक भरला असणार. ब्लांदीनला याचा राग यायला हवा होता. पण तिच्या पाकाला यंत्राचा म्हणतात, म्हणजे तो किती नितळ असेल, असा विचार करून ती दिवसभर खूश होती.

मंगळवारी रोझेर आला. बोटांना पट्ट्या. बाकावर न बसता दारात उभा राहिला.

"पाइपांचं नाव काढणार नाही," तो म्हणाला. "सांगायला आलो."

"आत्ताच काढलंस."

"वहिनी!"

ती बाहेर आली. उताराकडे बघितलं. वरची झाडं घराजवळची. खालची ओढ्याकाठची. तिथे बर्फ मांडीपर्यंत असतो आणि बादली घेऊन चढताना तिचे गुडघे रडतात. हे ती कुणाला सांगत नसे. लेदालाही नाही.

"ओढ्याकाठची तू घे," ती म्हणाली. "वरची माझी."

रोझेर गोंधळला. "पण मी हरलो ना?"

"हरलास म्हणून देतेय. जिंकला असतास तर ती तू घेतली असतीस."

"फरक काय? झाडं तीच."

"झाडं तीच," ती म्हणाली. "देणारी कोण ते बघ."

रोझेरने पेल्याचं नाव घेतलं, पण हळू. मग ओढ्याकडे बोट दाखवून विचारलं, "तो मोठा वाकडा मेपल? तो वरचा की खालचा?"

"वरचा."

"वहिनी, त्याचं मूळ पाण्यात आहे!"

"आणि डोकं माझ्याकडे आहे. चल, दाखवते."

दोघं उतारावरून भांडत खाली गेली, वितळत्या बर्फात पाय रुतवत.